कचेरी सुधारायची ती कोणासाठी?

२०२५ सालच्या आरंभी महाराष्ट्र शासनाने आपल्या क्षेत्रीय कार्यालयांसाठी शंभर दिवसांचा सुधारणा कार्यक्रम जाहीर केला. संकेतस्थळ अद्ययावत करणे, तक्रारींचे निवारण, स्वच्छता, कार्यालयातील सोयी-सुविधा अशा सात कलमांचा तो कार्यक्रम होता. तहसील कचेऱ्यांपासून जिल्हा परिषदांपर्यंत झाडलोट झाली, भिंतींना रंग लागले, जिन्याखाली वर्षानुवर्षे पडून असलेल्या मोडक्या खुर्च्यांची विल्हेवाट लागली, आणि गुणांकन होऊन महाराष्ट्रदिनी निकालही लागले. त्यापाठोपाठ दीडशे दिवसांचा दुसरा कार्यक्रम आला. खासगी कंपन्यांच्या जगात हाच विषय निराळ्या भाषेत चघळला जातो. टेबलावर हिरवे रोप ठेवा, भिंतीला प्रसन्न रंग द्या, खुर्ची बदला, म्हणजे नोकराची उत्पादकता वाढेल, असा उपदेश व्यवस्थापनाच्या पुस्तकांतून विपुल आढळतो.

परिवर्तनवादी मंडळींत अशा गोष्टींची टवाळी करण्याची सवय आहे. मूळ व्यवस्था बदलायची सोडून कुंड्या कसल्या मांडता, असा तिचा सूर असतो. ही टवाळी सोपी आहे, आणि चुकीचीही आहे. जो माणूस आयुष्यातील तीस-पस्तीस वर्षे रोजचे आठ तास एका खुर्चीत घालवतो, त्याला खुर्ची हा क्षुल्लक विषय वाटत नाही. हिंदुस्थानातील कामगार चळवळीचा आरंभच मुळी अशा ‘क्षुल्लक’ मागण्यांपासून झाला. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरवून सुमारे साडेपाच हजार सह्यांचे जे निवेदन सरकारला दिले, त्यात सत्ता हाती घेण्याची भाषा नव्हती. आठवड्यातून एक दिवस सुट्टी हवी, दुपारी अर्धा तास विश्रांती हवी, पगार वेळेवर हवा, अशा स्वरूपाचे ते मागणे होते. रविवारची सुट्टी पदरात पडायला १८९० साल उजाडावे लागले. भाकरी कोठे बसून खायची आणि पाणी कोणत्या भांड्यातून प्यायचे, हे प्रश्न श्रमिकाच्या प्रतिष्ठेचे प्रश्न असतात, ही जाण लोखंड्यांना होती. पुढच्या काळात चळवळ जसजशी मोठी झाली, तसतशी ती जाण पातळ होत गेली.

प्रश्न उरतो तो हा की, कचेरी सुधारायची म्हणजे काय करायचे, आणि ते कोणाला विचारून?

कोणत्याही तालुक्याच्या ठिकाणची एखादी कचेरी डोळ्यांसमोर आणावी. दर्शनी भागात साहेबांची खोली. तिला प्लायवूडची भिंत, काचेचे दार, आत वातानुकूलन यंत्र, उंच पाठीची खुर्ची आणि त्या खुर्चीवर पांढरा टॉवेल. हा टॉवेल म्हणजे आपल्या प्रशासनातील दर्जाची निशाणी होय. घाम टिपण्यासाठी तो वापरला जात नाही, कारण साहेबांना घाम येतच नाही. घाम येतो तो भिंतीपलीकडच्या कारकुनांना. वातानुकूलन यंत्राचा गरम झोत ज्या बोळात सोडलेला असतो, त्याच बोळात पुष्कळदा आस्थापनेचे टेबल असते किंवा दाखल्यासाठी आलेल्या लोकांची रांग असते. एका खोलीतील गारवा दुसऱ्यांच्या अंगावर उष्णता ओतून मिळवलेला असतो. विषमता म्हणजे काय, हे समजावून सांगण्यासाठी याहून सोपे उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

पलीकडच्या दालनात खिडक्या असतात, पण त्यांच्यापुढे लोखंडी कपाटे उभी असतात. कपाटे भरली म्हणून त्यांच्या माथ्यावर गठ्ठे, गठ्ठे मावेनात म्हणून जमिनीवर रुमालात बांधलेली दप्तरे. उजेड अडल्यामुळे भर दुपारी नळीदिवे लावायचे, पंखा लावला की कागद उडतात म्हणून पंखा बंद करायचा, आणि मग उकाड्यात डोळे चोळत कुणाच्या तरी सातबाऱ्यावरील नोंद तपासायची. टेबले तीस इंच उंचीची, लेखणीने लिहिण्यासाठी घडवलेली. जुन्या काळी टंकलेखन यंत्रासाठी निराळे, बुटके टेबल असे, कारण बोटांनी चालवायचे यंत्र कोपराच्या पातळीवर हवे, हे तेव्हाच्या सुतारालाही ठाऊक होते. संगणक आला तो थेट लेखनाच्या टेबलावर चढला. त्यामुळे खांदे उचलून दिवसभर काम करणारी, मानेला पट्टा बांधलेली माणसे कचेरीकचेरीत दिसतात. खुर्चीची वेताची विण तुटलेली असते. तिच्यावर घरून आणलेली उशी. पाठीला आधार म्हणून जुनी फाईल. स्त्री-कर्मचाऱ्यांचे स्वच्छतागृह असले तर त्याला कुलूप असते आणि चावी कोणाकडे तरी मागावी लागते. ती मागण्याचा संकोच टाळण्यासाठी कित्येक जणी दिवसभर पाणीच कमी पितात, आणि त्याची किंमत मूत्रमार्गाच्या विकारांनी चुकवतात. कामासाठी दूरवरून आलेल्या बायकांची अवस्था याहून बिकट, कारण त्यांना चावी कोणाकडे मागायची तेही माहीत नसते.

अशा ठिकाणी कोणी कामचुकार झाला, चिडखोर झाला, तर दोष त्याच्या स्वभावाचा असे समाज मानून चालतो. काही अंशी तो असतोही. कचेरीत हरामखोरी नाही असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. पण माणसाला ज्या जागेत बसवले आहे, त्या जागेचाही त्यात वाटा असतो. मान दुखत असलेला माणूस चौथ्यांदा तोच प्रश्न विचारणाऱ्या म्हाताऱ्याशी गोड बोलत नाही.

यावर उपाय आहेत आणि ते स्वस्त आहेत. कपाटे खिडकीपासून हलवून आतल्या भिंतीला लावायला एक दिवस आणि चार माणसांचे बळ लागते. टेबल असे वळवावे की खिडकीचा उजेड बाजूने येईल. तो समोरून आला तर डोळे दिपतात, पाठीमागून आला तर संगणकाच्या पडद्यावर चकाकी पडते. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला यावी, एवढ्यासाठी खाली दोन विटा ठेवल्या तरी भागते. कळफलकासाठी टेबलाखाली सरकती फळी गावचा सुतार बसवून देतो. पाय जमिनीला टेकत नसतील तर लाकडी पाट पुरतो. दर वीस-पंचवीस मिनिटांनी डोळे पडद्यावरून काढून दूर पाहावे, तासातून एकदा उठून उभे राहावे, हा तर बिनपैशाचा उपाय. माठातले का होईना, स्वच्छ पाणी हाताशी असावे. यांतले काहीही करायला मंत्रालयाची मंजुरी लागत नाही.

आणि उजेड अडवणारी ती दप्तरे? त्यांची व्यवस्था लावण्याची रीतही याच राज्यात कधीची ठरलेली आहे. महसूल खात्यात रूढ असलेली ‘सहा गठ्ठा’ पद्धत म्हणजे साधी व्यवहारबुद्धी आहे. हातातली प्रलंबित प्रकरणे एका गठ्ठ्यात, दुसऱ्या कार्यालयाच्या उत्तराची वाट पाहणारी दुसऱ्यात, नियतकालिक अहवालांची तिसऱ्यात, स्थायी आदेशांची संचिका चौथी, अभिलेख कक्षात पाठवायची पाचव्यात आणि नष्ट करायची सहाव्यात. जोडीला अ, ब, क, ड अशी वर्गवारी: काही कागद कायमचे जपायचे, काही तीस वर्षे, काही पाच-दहा वर्षे, आणि काही वर्षभरात काढून टाकायचे. हे नियमाने केले तर निम्मी कपाटे रिकामी होतील, हे कोणताही जुना कारकून सांगेल. ते होत नाही, कारण कागद नष्ट करण्याच्या आदेशावर सही करावी लागते आणि उद्या तोच कागद कोणी मागितला तर जबाबदारी अंगावर येते. सही न करणाऱ्यावर मात्र कसलीच जबाबदारी येत नाही. म्हणून कागद साचतात. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागून पाच जणांचा बळी गेला आणि वरचे मजले फायलींसकट खाक झाले, तेव्हा कचेरीतील कागद, तारा आणि लाकडी आडभिंती यांचा प्रश्न केवळ नीटनेटकेपणाचा नाही, हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले.

ही सुधारणा नवी नाही, आणि अशक्यही नाही. १९८०च्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांत तेव्हाच्या अहमदनगरात, आजच्या अहिल्यानगरात, जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी आपल्या कार्यालयाची सारी मांडणी बदलून दाखवली होती. कोण कोठे बसतो, त्याच्याकडे कोणते काम आहे, कागद कोणत्या टेबलावरून कोणत्या टेबलावर जातो, याचा विचार करून आसनव्यवस्था लावली गेली. प्रत्येकाचे काम लेखी ठरवले गेले. दप्तरांची वर्गवारी झाली. आणि आलेल्या माणसाला दहा टेबले फिरावी लागू नयेत म्हणून एक खिडकी ठेवण्यात आली. ‘लखिना पॅटर्न’ या नावाने तो प्रयोग राज्यभर गाजला. जाणकार दुरून पाहायला येत. त्यानंतरही मोहिमा आल्या. राजीव गांधींच्या नावाचे प्रशासकीय गतिमानता अभियान आले, २०१७च्या सुमारास पुणे विभागात ‘झिरो पेंडन्सी’चा उपक्रम सुरू होऊन राज्यभर पसरला, आणि आता शंभर-दीडशे दिवसांचे कार्यक्रम. चाळीस वर्षांत तेच काम पुन्हा पुन्हा का करावे लागते? घर एकदा आवरले की आवरलेले राहत नाही हे खरे. पण इथे कारण याहून खोल आहे. प्रत्येक वेळी सुधारणा एका उत्साही अधिकाऱ्याबरोबर आली आणि त्याच्या बदलीबरोबर गेली. ज्यांच्या टेबलांची मांडणी बदलली, त्यांना ती आपली वाटण्याइतका अवसर सहसा मिळाला नाही. नवा साहेब आला, त्याने प्लायवूडची भिंत पुन्हा उभारून घेतली, आणि कोणी हरकत घेतली नाही.

उत्पादकतेच्या शास्त्राचा इतिहासही याच ठिकाणी बोट ठेवतो. फ्रेडरिक टेलर या अमेरिकी अभियंत्याचा ‘शास्त्रीय व्यवस्थापना’वरचा ग्रंथ १९११ साली निघाला. कामाचे बारीक तुकडे करा, प्रत्येक हालचाल घड्याळ लावून मोजा, विचार वरच्याने करावा आणि खालच्याने सांगितले तेवढे करावे, हे त्याचे सार. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रागारातील ओतकामगारांनी घड्याळ हाती घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला पाहून काम बंद केले. प्रकरण अमेरिकी संसदेच्या चौकशी समितीपर्यंत गेले, आणि पुढे सरकारी कारखान्यांत असे घड्याळ लावण्यास मनाई झाली. टेलर मात्र हरला नाही. आज कर्मचाऱ्याचा चेहरा ओळखून हजेरी घेणारे मोबाइल ॲप, कळफलकावर किती वेळा बोट पडले ते मोजणारी प्रणाली, कॉल सेंटरमध्ये लघवीला गेल्याची मिनिटे नोंदणारा पडदा, ही सगळी त्याच घड्याळाची नातवंडे आहेत.

दुसरा धडा शिकागोजवळच्या हॉथॉर्न येथील वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या कारखान्यातला. १९२४ साली तेथे उजेड वाढवल्यास उत्पादन किती वाढते, हे पाहण्यासाठी प्रयोग सुरू झाले. उजेड वाढवला, उत्पादन वाढले. पण ज्या तुकडीचा उजेड वाढवला नव्हता, तिचेही वाढले. मग उजेड कमी केला तरी ते फारसे घटेना. तज्ज्ञ चक्रावले. १९२७पासून काही तरुणींना वेगळ्या खोलीत बसवून मधल्या सुट्ट्या, कामाचे तास, मोबदल्याची रीत हे सारे बदलून पाहण्यात आले, आणि उत्पादन एकंदरीत चढत गेले. यावरून ‘कामगारांकडे लक्ष दिले की ते खुशीने काम करतात’ असे तात्पर्य काढून व्यवस्थापनाच्या पोथ्या लिहिल्या गेल्या. त्या पोथ्यांत दोन गोष्टी सहसा मोठ्या अक्षरांत नसतात. एक म्हणजे त्या खोलीतील मुलींचा मोबदला त्यांच्या छोट्या गटाच्या उत्पादनाशी जोडण्यात आल्याने वाढीव श्रमाचे फळ त्यांच्याच हाती पडत होते. दुसरी म्हणजे फार बोलतात आणि सहकार्य करत नाहीत असा ठपका ठेवून त्यांतील दोघींना मध्येच काढून त्यांच्या जागी दुसऱ्या दोघी आणल्या गेल्या. पुढे महामंदी आली, कामगारकपात झाली आणि १९३२मध्ये त्या खोलीचे प्रयोगही थांबले. उजेड, विश्रांती, आपुलकी यांच्याबरोबरच मोबदला आणि नोकरीची शाश्वती यांचा हिशेब जो मांडत नाही, त्याचे उत्पादकतेचे गणित अपुरे असते.

सरकारी कचेरीच्या बाबतीत तर उत्पादकता म्हणजे काय, हेच आधी ठरवावे लागेल. गिरणीत कापडाचे वार मोजता येतात. कचेरीत काय मोजणार? निकाली काढलेली प्रकरणे मोजली तर एक चलाखी लगेच सुचते. त्रुटी काढून अर्ज परत पाठवला की प्रकरण ‘निकाली’ निघते. अर्जदाराचा मात्र आणखी एक हेलपाटा वाढतो. कागदोपत्री वेग वाढलेला आणि एस.टी.च्या तिकिटांवर होणारा शेतकऱ्याचा खर्चही वाढलेला, असे विपरीत दृश्य यातून तयार होते. कचेरीच्या कामाचे खरे माप एकच असू शकते: विधवेला निवृत्तिवेतन मंजूर होईपर्यंत, वारसनोंद लागेपर्यंत, जातीचा दाखला हाती पडेपर्यंत माणसाला किती वेळा यावे लागले? हे मोजणे अवघड नाही. आवक नोंदवहीत एक रकाना वाढवला की पुरे. कायदेही आहेत. कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक पडून राहू नये, असे २००५ सालचा बदल्या आणि विलंब प्रतिबंधाचा कायदा सांगतो. २०१५चा लोकसेवा हक्क कायदा ठरल्या मुदतीत सेवा मिळण्याचा हक्क देतो. परंतु एका कारकुनाकडे तीन टेबलांचा भार असेल, तर सात दिवसांचा नियम पाळायचा कसा, याचे उत्तर त्या कायद्यांत नाही.

येथे रंग आणि कुंड्या यांची मर्यादा संपते. राज्य शासनाची मंजूर पदे फार मोठ्या संख्येने रिकामी आहेत. रिकाम्या खुर्चीला नवे कापड चढवून ती काम करू लागत नाही. ६ सप्टेंबर २०२३ रोजी सरकारने बाह्य यंत्रणेमार्फत कंत्राटी पदे भरण्याचा निर्णय काढला, त्यावर गदारोळ उठला, आणि पुढच्याच महिन्यात तो मागे घ्यावा लागला. तरीही संगणकचालक, शिपाई, सफाई कामगार, सुरक्षारक्षक अशी कचेरीतील कितीतरी कामे आजही कंत्राटावर चालतात. एकाच दालनात, एकाच पंख्याखाली, एकाच प्रकारचे काम करणाऱ्या दोघांपैकी एकाला वेतन आयोगाचा पगार आणि दुसऱ्याला ठेकेदाराने कापून दिलेली रक्कम, हे तिथल्या हवेतील सर्वांत मोठे प्रदूषण आहे. त्यावर खिडकी उघडण्याचा उपाय चालत नाही.

खासगी क्षेत्रात तर उलटाच प्रवास सुरू आहे. आठवड्याला सत्तर तास, नव्वद तास काम करा, असे सल्ले २०२३ आणि २०२५मध्ये नामवंत उद्योगधुरीणांनी जाहीरपणे दिले. ३ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने दुकाने व आस्थापनांमधील कामाची दैनंदिन मर्यादा नऊ तासांवरून दहा तासांवर नेण्यास मान्यता दिली. उत्तम खुर्ची, कॉफीचे यंत्र आणि खेळायला टेबल टेनिस देऊन माणसाचे दहा-बारा तास घेणारी काचेची कचेरी ही सुधारलेली कचेरी नव्हे. तिथे खुर्ची बसण्यासाठी असते की बांधून ठेवण्यासाठी, हे विचारले पाहिजे. केरळमध्ये कापडदुकानांतल्या विक्रेत्या स्त्रियांनी दिवसभर उभे राहण्याच्या सक्तीविरुद्ध लढून २०१८ साली बसण्याचा हक्क कायद्यात आणला आणि २०२१मध्ये तमिळनाडूने त्याचे अनुकरण केले. बसायला स्टूल मिळावे म्हणून कायदा करावा लागतो, हे लाजिरवाणे खरेच. पण तो कायदा त्या बायकांच्या संघटनेने आणला, कोणा व्यवस्थापनतज्ज्ञाने नव्हे.

कायद्याची गोष्ट निघाली आहे तर आणखी एक विसंगती नोंदवायला हवी. १९४८च्या कारखाना कायद्याने उजेड, वायुवीजन, पिण्याचे पाणी, संडास-मुताऱ्या, बसण्याची सोय यांचे नियम कारखान्यांसाठी घालून दिले होते. त्याच साली आलेल्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्याने खासगी कचेऱ्यांनाही स्वच्छतेचे आणि उजेडाचे बंधन घातले, पण सरकारी कार्यालये त्यातून वगळली. नियम करणाऱ्याने स्वतःला नियमाबाहेर ठेवण्याची ही परंपरा अजूनही अबाधित आहे. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती यांविषयीची २०२०ची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आली. केंद्र व राज्य सरकारांच्या कार्यालयांना ती लागू नाही. ज्या वाक्यात ही सूट दिली आहे, त्याच वाक्यात युद्धनौकांनाही सूट दिली आहे. तहसील कचेरी आणि युद्धनौका यांच्यात मसुदाकारांना कोणते साम्य दिसले असेल ते असो. मात्र सरकारी कार्यालयात ठेकेदारामार्फत नेमलेल्या कंत्राटी कामगारांना संहिता लागू होते. म्हणजे कायद्याच्या पुस्तकापुरते पाहिले तर उजेडाचा आणि पाण्याचा हक्क कंत्राटी संगणकचालकाला आहे, शेजारच्या कायम कारकुनाला नाही. प्रत्यक्षात तो दोघांनाही मिळत नाही, ही समानता तेवढी साधलेली आहे.

या ठिकाणी कर्मचारी संघटनांनाही चार शब्द ऐकवणे प्राप्त आहे. महागाई भत्ता, वेतनश्रेणी, निवृत्तिवेतन या मागण्या रास्त आहेत, आणि त्यांसाठी त्यांनी वेळोवेळी ताकद उभी केली. पण टेबल-खुर्ची, स्वच्छतागृह, पाळणाघर, अभिलेख कक्षातील धूळ हे विषय मागणीपत्रकात असलेच तर शेवटच्या पानावर असतात, आणि वाटाघाटीत पहिल्याप्रथम तेच सोडले जातात. २९ फेब्रुवारी २०२०पासून राज्यात पाच दिवसांचा आठवडा आला, तेव्हा रोजच्या कामाची वेळ पाऊण तासाने वाढली. त्या वाढीव पाऊण तासात दूरच्या गावाहून येणाऱ्या माणसाचे काम कसे होईल, सायंकाळी सव्वासहाला सुटणाऱ्या स्त्री-कर्मचारी घरी कशा पोचतील, यावर संघटनांनी जनतेशी बोलायला हवे होते. तसे बोलणे झाले नाही. त्याचे फळ मार्च २०२३मध्ये दिसले. जुन्या निवृत्तिवेतनासाठी लाखो कर्मचारी १४ तारखेपासून संपावर गेले, आणि काही ठिकाणी बेरोजगार तरुणांनी संपाविरुद्धच मोर्चे काढले. आठवड्याच्या आत संप मागे घेण्यात आला. ज्या खेडुताला कचेरीत बसायला बाक मिळाला नव्हता, प्यायला पाणी मिळाले नव्हते आणि सरळ उत्तरही मिळाले नव्हते, तो कर्मचाऱ्यांच्या म्हातारपणाची चिंता वाहायला पुढे आला नाही. त्याचा राग नेहमीच न्याय्य होता असे नाही, पण तो आकाशातून पडलेला नव्हता. टेबलाच्या अलीकडचा आणि पलीकडचा, दोघेही एकाच अंधाऱ्या, कोंदट दालनात अडकले आहेत. त्यांच्यातले भांडण ज्यांच्या सोयीचे आहे, ते वातानुकूलित खोलीत असतात.

म्हणून कार्यालयाची सुधारणा ही दोन्ही बाजूंची संयुक्त मागणी व्हायला हवी. प्रत्येक कार्यालयात कर्मचाऱ्यांनी निवडलेल्या प्रतिनिधींची, तीत कंत्राटी कामगार आणि शिपाईही असलेली, आणि नागरिकांना जागा देणारी छोटी समिती असावी. कपाट कोठे हलवायचे, बाक कोठे टाकायचा, कोणता अर्ज नाहक दोनदा लिहून घेतला जातो, हे तिने ठरवावे, आणि किरकोळ खर्चाची रक्कम तिच्या हाती असावी. शिपायाला विचारले तर इमारतीतील कोणता नळ कधीपासून गळतो ते तो सांगतो. त्याला आजवर कोणी विचारलेले नसते. गुणांकन करायचे तर ते बाहेरच्या पथकाने छायाचित्रे पाहून करण्याऐवजी रांगेतल्या माणसांना विचारून करावे.

ज्यांना कचेरीच नाही अशांचा विषय एका वाक्यात उरकण्यासारखा नाही, तरी त्याची नोंद हवी. अंगणवाडी सेविका मंदिराच्या ओसरीवर रजिस्टरे भरतात, आशा सेविकांचे कार्यालय त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत असते, आणि ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी असे भारदस्त नाव मिळाले आहे ते तलाठी पुष्कळ ठिकाणी भाड्याच्या खोलीत बसतात. पदनाम बदलायला शासन निर्णय पुरतो. खोलीला छप्पर घालायला तरतूद लागते.

तालुक्यातालुक्यांतील समाजवादी कार्यकर्ते दाखल्यांच्या, रेशनकार्डांच्या, निराधार अनुदानाच्या कामांसाठी तहसील कचेरीत नित्य जातातच. यापुढे जाताना त्यांनी चार गोष्टींची नोंद करून आणावी: लोकांना बसायला किती बाक आहेत, पिण्याचे पाणी कोठे आहे, मंजूर पदांपैकी किती भरलेली आहेत, आणि स्त्रियांच्या स्वच्छतागृहाची चावी कोणाकडे असते. पहिल्या दोन गोष्टी डोळ्यांनी दिसतात. तिसरी माहिती अधिकाराच्या अर्जाने मिळते. चौथीचे उत्तर तेथील स्त्री-कर्मचारीच देतील, आणि बहुधा संभाषणाची सुरुवातही तेथूनच होईल. पंचायत समितीच्या आमसभेत आमदारांसमोर हा कागद कर्मचारी संघटनेच्या तालुका शाखेच्या सहीसह ठेवता येतो. तशी सही मिळवण्यासाठी संघटनेच्या कार्यालयातही जावे लागेल. तेथील स्वच्छतागृहाची चौकशीही त्याच फेरीत होऊन जाईल.